म्हातारं माणूस पडल्यानंतर महिनाभराने बदललं, तर वयावर ढकलू नका : मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाबद्दल

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीटी स्कॅनवर टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही, रिपोर्ट रेडिऑलॉजिस्ट मॅडम देतात. पण पेशंट मशीनमध्ये असताना स्क्रीनवर चित्र उमटतं ते सगळ्यात आधी मला दिसतं. आणि एक चित्र इतक्या वेळा, इतक्या उशिरा दिसतं की त्याबद्दल आपल्या भागातल्या लोकांनी बोलायलाच हवं, म्हणून हा धागा.

एखाद्या आबाजीला (म्हाताऱ्या माणसाला) आणतात तेव्हा चिठ्ठीवर लिहिलेलं असतं "लकवा?" किंवा "भ्रम". घरचे सांगतात, दोन-तीन आठवड्यांपासून नीट बोलत नाहीत, लुगडं-धोतर ओलं होतं, बसल्या बसल्या झोपतात, चालताना तोल जातो. मी विचारते, पडले होते का? मुलगा ठाम सांगतो, नाही. मग मागून सून हळूच म्हणते, "दिवाळीच्या आधी न्हाणीत घसरले होते, पण लागलं काहीच नव्हतं. उठून चहा प्याले." कधी ही गोष्ट नातवाला माहीत असते, कधी फक्त शेजारणीला. माझ्या अनुभवात घरच्या कर्त्या पुरुषाला ती क्वचितच माहीत असते, म्हणून मी आता बायकांना वेगळं विचारते.

स्क्रीनवर काय दिसतं? कवटीच्या आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखी एक कोर. काळपट, कधी दोन थरांची, वर काळी आणि खाली करडी. तिच्या दाबाने मेंदूच्या वळ्या सपाट झालेल्या, मधली रेषा पलीकडे सरकलेली. याला क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा म्हणतात, मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाखाली हळूहळू साचलेलं जुनं रक्त.

म्हातारपणी हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. वय वाढलं की मेंदू आक्रसतो. नारळाचा गोटा वाळून करवंटीपासून सुटतो ना, तसं. मेंदूपासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्याच असतात. साध्या धक्क्याने एखादी तुटते. ती धमनी नव्हे, शीर आहे, रक्ताला जोर नसतो, शिवाय आत जागा रिकामी असते. म्हणून त्या दिवशी काहीच होत नाही. उठून चहा प्याले, हे खरंच असतं.

पण मग ते रक्त तसंच जिरून का जात नाही? यावर दीडशे वर्षांहून जास्त काळ वाद चालला. रुडॉल्फ विर्शो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हा आवरणाच्या दाहाचा आजार आहे असं मांडलं. नंतरच्यांनी म्हटलं, दाह कसला, मार लागल्याने शीर तुटते. आता दोन्ही खरं निघालंय. सुरुवात बहुतेक वेळा धक्क्याने होते, आणि पुढे त्याला जिवंत ठेवतो तो दाह. साचलेल्या रक्ताभोवती पातळ पडदा तयार होतो, त्या पडद्यात नवीन नाजूक केशवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात. आतलं रक्त गोठू न देणारी रसायनंही तिथेच जास्त असतात. थोडं पाझरतं, थोडं जिरतं, पुन्हा पाझरतं. ज्या आठवड्यात पाझर जिरण्यापेक्षा जास्त, त्या आठवड्यात आबाजी बदलतात.

आमच्या मशीनची एक गोष्टही सांगते. सीटीवर ताजं गोठलेलं रक्त पांढरं दिसतं, साधारण ५० ते ७० युनिट. मेंदू तीस-चाळीसच्या आसपास. (हे युनिट हाउन्सफील्ड यांच्या नावाचं. त्यांच्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या पेशंटचं डोकं स्कॅन झालं आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) दिवस जातात तसं रक्त करडं होत होत अगदी मेंदूच्याच रंगाचं होतं, नंतर काळं. पडल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातलं स्कॅन म्हणून फसवं असतं. तेव्हा रक्त शोधून सापडत नाही, मधली रेषा सरकली का, वळ्या एका बाजूला गायब आहेत का, यावरून पकडावं लागतं. पडल्याची तारीख विचारतो ती याचसाठी. अंदाजाने सांगितली तरी चालते, "पोळ्याच्या आसपास" एवढंही पुरतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, याच्यावर इलाज आहे. वेडसरपणा, लघवीवरचा ताबा, पाय ओढणं, यातलं पुष्कळसं वेळेवर रक्त काढलं तर सुधारतं. दुसऱ्या कोणत्या "वय झालं"चं असं होतं?

पऱ्हाटी

ताई, वाचून हातपाय गार पडले. आमचा बुढा ७४ चा हाये. हार्टची रक्त पातळ कराची गोळी चालू हाये. मांगं बंडीवरून उतरता उतरता पडला व्हता, कपायाले टेंगूळ आलं, उतरून गेलं. आता जेवता जेवता डोये लावते. चालतानी डावा पाय घासते. भाऊकीतले म्हन्तात वय झालं, तं कोनी म्हन्तात वारं गेलं अंगावरून, तेल लावा. गोळी बंद करून पाहू का आठ दिवस?

वर्धाकाठ

दादा, आठ दिवस थांबू नका, आजच न्या. गोळी मनाने बंद करू नका, आणि पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा. स्टेंट (हृदयाच्या धमनीत बसवलेली जाळी) असेल तर गोळी तोडल्याने हृदयाला धोका, रक्तस्राव असेल तर चालू ठेवल्याने डोक्याला धोका, हे त्यांनीच तोलायचं. गोळीचं पाकीट आणि हार्टची फाइल सोबत घ्या. गोळीचं नाव न सांगता आल्यामुळे ऑपरेशन खोळंबतं.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर आहे. पऱ्हाटी भाऊ, जेवता जेवता डोळे लावणं हे मला पाय घासण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. १०८ लावा. वाटेत झोपू द्या, पण दर थोड्या वेळाने हाक मारून डोळे उघडतात का, उत्तर देतात का ते पाहा, आणि उलटी झाली तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी, चहा काही घालू नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका.

वर्धाकाठ ताईंनी विषय काढला तर मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत दोन वर्षांतल्या १५९९ मृत्यूंची कारणं तपासली. २०१५ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात सगळ्यात जास्त मृत्यू स्ट्रोकचे निघाले, २२९, म्हणजे १४.३ टक्के. मलेरिया नाही, क्षय नाही, लकवा! आणि त्यातले ८७.३ टक्के लोक घरीच गेले.

घरी गेले, म्हणजे बहुतेकांचं स्कॅन झालं नसणार. अशा ठिकाणी मृत्यूचं कारण घरच्यांना लक्षणं विचारून ठरवतात, आणि त्या पद्धतीला इलाज नाही, तीच योग्य आहे. पण अर्धांग गुठळीने झालं, की मेंदूच्या आत रक्तस्राव झाला, की ताई म्हणतात तसा मेंदूबाहेर रक्त साचून दाब आला, हे लक्षणं ऐकून सांगता येत नाही. माझं स्वतःचं मत आहे की आपल्या "लकवा" या एका शब्दाखाली काही सबड्यूरल गाडले जात असणार. किती, ते स्कॅन केल्याशिवाय कळायचं नाही. या आजारावरचं मोठं संशोधन केंब्रिजसारख्या ठिकाणचं आहे, जिथे म्हातारा गोंधळला की त्याच दिवशी सीटी होतो. मोहाच्या झाडावरून पडलेला किंवा तेंदूपत्त्याच्या हंगामात दगडावर घसरलेला माणूस त्या आकड्यांत कुठे येत नाही.

आर्वीकर

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. माझ्या वहिनी पन्नाशीही न ओलांडता गेल्या. पडल्या नव्हत्या, मार नव्हता. तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, एकदम "डोकं फुटलं" म्हणून ओरडल्या, उलटी केली आणि थोड्या वेळात शुद्ध हरपली. दवाखान्यात सांगितलं की मेंदूभोवती रक्तस्राव. हा तोच आजार का? आम्हाला तेव्हा कोणी नीट समजावलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत झाली नाही.

वैनगंगा

सर, तो वेगळा. वाईट वाटलं वाचून. वर्णनावरून तो सबअरॅक्नॉइड रक्तस्राव वाटतो. आतल्या दोन पातळ आवरणांच्या मधल्या फटीत, जिथे मेंदूचं पाणी खेळतं, तिथे रक्त पसरतं. मार नसताना होणाऱ्या अशा रक्तस्रावांपैकी साधारण ८५ टक्क्यांत कारण एकच, मेंदूच्या तळाशी धमनीवर आलेला फुगवटा फुटणं. इथे धमनी आहे, पूर्ण जोराने रक्त येतं. डोकेदुखी मिनिटभरात टोकाला पोचते. "आयुष्यात असं डोकं दुखलं नाही" असं पेशंट स्वतः म्हणतो. बायकांमध्ये प्रमाण जास्त, आणि बीडी-सिगारेट व वाढलेलं बीपी ही टाळता येण्यासारखी दोन मोठी कारणं. आपल्याकडे बीपी कधी मोजलेलंच नसतं.

यात वेळेचा हिशेब कडक आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात (२०११) दिसलं की डोकेदुखी सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत आधुनिक मशीनवर सीटी केला आणि तज्ज्ञाने पाहिला तर त्या अभ्यासातला एकही रक्तस्राव निसटला नाही. उशीर होत जातो तसं रक्त पाण्यात मिसळून फिकं होतं, मग सीटी स्वच्छ दिसला तरी पाठीतून पाणी काढून बघावं लागतं. गावातून निघून ६ तासांत मशीनखाली पोचणं आमच्याकडे पावसाळ्यात अवघड जातं.

फुगवटा परत फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त. तो बंद करायचे दोन मार्ग, कवटी उघडून चिमटा लावणं (वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये प्रथम केलं) किंवा जांघेतून तार नेऊन आत बारीक कॉइल भरणं.

पण संशोधक जास्त झगडलेत ते पुढच्या दोन आठवड्यांशी. फुगवटा बंद झाला, पेशंट बोलायला लागला, घरचे खूश, आणि तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत कधीतरी मेंदूच्या धमन्या आवळतात, रक्तपुरवठा तुटतो. अनेक वर्षं सगळ्यांना वाटलं, आवळणं थांबवलं की झालं. क्लाझोसेंटान नावाच्या औषधाने धमन्या आवळणं कमी झालं, पण मोठ्या चाचणीत पेशंट काही जास्त बरे झाले नाहीत. मॅग्नेशियम दिलं (निकाल २०१२), स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध दिलं (२०१४), दोन्ही निष्फळ. म्हणून आता लक्ष पहिल्या ७२ तासांकडे वळलंय. रक्त फुटतं त्या क्षणी कवटीतला दाब एवढा वाढतो की संपूर्ण मेंदूचा पुरवठा क्षणभर थांबतो, आणि खरी इजा तिथूनच सुरू होते, असा विचार आहे.

टिकलं ते एक जुनं, साधं औषध, निमोडिपिन. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत ५५४ पेशंट होते. मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ वर आलं. ६० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, २१ दिवस. रात्री उठवूनसुद्धा. नातेवाईक म्हणतात, झोपलेत, राहू द्या. राहू देऊ नका.

तूर_हरभरा

सबड्यूरलचं सांगतो. आमच्या मामांना झालं होतं. एका डॉक्टरांनी स्टेरॉइड सुरू केलं, म्हणाले दाह आहे तर दाहाचं औषध, ऑपरेशनची गरजच पडणार नाही. म्हाताऱ्याच्या कवटीला भोकं पाडायची हिंमत कोण करणार? ताई स्वतःच म्हणतात की दाह आहे. मग गोळ्यांनी विरघळवायला काय हरकत?

वर्धाकाठ

हरकत अशी की हे करून पाहिलंय आणि उलटं निघालंय. विचार अगदी तर्काला धरून होता, म्हणूनच ब्रिटनमध्ये ७४८ पेशंटवर नीट चाचणी झाली. अर्ध्यांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बहुतेकांचं ऑपरेशनही झालेलं होतं. २०२० मध्ये निकाल आला. स्टेरॉइडवाल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं, १.७ टक्के विरुद्ध ७.१, म्हणजे दाह कमी होतो हे खरं. पण सहा महिन्यांनी चांगल्या अवस्थेत किती? स्टेरॉइड घेतलेले ८३.९ टक्के, न घेतलेले ९०.३. साखर चढणं, जंतुसंसर्ग, मानसिक गोंधळ, हे सगळं म्हाताऱ्या शरीराला झेपलं नाही. स्कॅन सुधारला आणि माणूस बिघडला. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण मी दिवसभर स्कॅनच बघते.

अपघातातल्या डोक्याच्या मारातही तेच झालं होतं. तिथे तीसहून जास्त वर्षं स्टेरॉइड देत होते. १०,००८ पेशंटची 'क्रॅश' नावाची चाचणी २००४ मध्ये आली, तर स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत मृत्यू २१.१ टक्के, न दिलेल्यांत १७.९.

आता भोकांचं. एक किंवा दोन छोटी भोकं, बरेचदा फक्त जागा बधिर करून. काळपट तपकिरी पातळ द्रव बाहेर येतो. २००९ मध्ये केंब्रिजच्या २१५ पेशंटच्या चाचणीत एवढंच तपासलं की नंतर दोन दिवस नळी ठेवावी की नाही. नळी ठेवली तर परत साचण्याचं प्रमाण ९.३ टक्के, नाही ठेवली तर २४. सहा महिन्यांतले मृत्यूही निम्म्याच्या आसपास आले, १८.१ वरून ८.६. एक साधी नळी! म्हणून घरच्यांनी ती ओढली जाऊ नये याची राखण करायची.

सगळ्यात नवीन म्हणजे त्या पाझरणाऱ्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनीच (मिडल मेनिंजिअल) तारेने आतून बंद करायची. २०२४ मध्ये मोठ्या चाचण्या आल्या. अमेरिकेतल्या ४०० पेशंटच्या चाचणीत शस्त्रक्रियेला याची जोड दिल्यावर पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ११.३ वरून ४.१ टक्क्यांवर आलं. चीनच्या ७२२ जणांच्या चाचणीत फरक तेवढा ठोस नव्हता, लक्षणांसह परत साचण्याचं किंवा वाढण्याचं प्रमाण ६.७ टक्के विरुद्ध ९.९. आशा आहे, पण त्यासाठी कॅथलॅब (धमनीत तार घालून इलाज करायची खोली) आणि हाताचा सराव असलेला डॉक्टर लागतो. भोक आणि नळी त्या मानाने पुष्कळ ठिकाणी होते.

मेळघाटी

मी उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आमच्याकडून सीटी मशीन घाट उतरून खूप लांब. हातात धरायचं, डोक्याला लावून रक्तस्राव सांगणारं यंत्र आलंय असं वाचलं, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने पुढे आणलेलं. ते उपयोगाचं आहे का? आणि पाळीत अंगावरून जास्त जातं तेव्हा देतो ते ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड डोक्याच्या मारात द्यावं का?

वैनगंगा

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश कवटीतून आत सोडतात. रक्त साचलेली बाजू तो जास्त शोषते, दोन बाजूंची तुलना करतात. पण खोल गेलेलं रक्त त्याला दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंना सारखंच साचलं असेल तर तुलनाच फसते. म्हाताऱ्यांत दोन्हीकडे साचणं दुर्मीळ नाही. कोणाला आधी पाठवायचं यासाठी चांगलं, "काही नाही, घरी जा" म्हणण्यासाठी नाही.

ट्रॅनेक्झॅमिकचं उत्तर रक्तस्राव कुठला यावर आहे. हे औषध १९६२ मध्ये जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलं, बाळंतपणातल्या रक्तस्रावाचा विचार उताकोबाईंच्या मनात होता. डोक्याच्या ताज्या मारात २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत (१२,७३७ पेशंट) सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांत, तीन तासांच्या आत दिलं तर, डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू कमी झाले. अत्यवस्थांत फरक पडला नाही. पहिला एक ग्रॅम दहा मिनिटांत शिरेतून, मग एक ग्रॅम आठ तासांत. फुटलेल्या फुगवट्यात मात्र, आर्वीकर सरांच्या वहिनींसारख्या, नेदरलँड्सच्या २०२१ च्या चाचणीत अगदी लवकर देऊनही फायदा दिसला नाही. म्हणून डोकं दुखतंय आणि रक्त असेल, असा अंदाज बांधून उपकेंद्रावर देऊ नका. दुचाकीवरून आत्ता पडलाय, तीन तास झाले नाहीत, तर तुमच्या मेडिकल ऑफिसरना फोन करून विचारा आणि चिठ्ठीवर वेळ लिहून पाठवा.

पऱ्हाटी

ताई, डॉक्टरसाहेब, बुढ्याचा सीटी झाला. उजव्या बाजूले रक्त निंघालं, जुनं अन् नवं दोन्ही. गोळीचा असर उतरासाठी थांबा लागलं, मंग ऑपरेशन झालं. नळी काढली. डोये उघडून बोलते आता, पायात फरक हाये पन घासतेच थोडा. सुट्टी देऊन राह्यले. महात्मा फुले योजनेतून झालं, राशन कार्डावर नाव बरोबर व्हतं म्हनून. आता घरी नेल्यावर निजवूनच ठेवाचं का? अन् हार्टच्या गोळीचं कोनी सांगत नाई.

वर्धाकाठ

दादा, वाचून फार बरं वाटलं. गोळीचं मी सांगू शकत नाही, पण सुटीच्या कागदावर "कधी सुरू करायची" हे लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका. पाहिजे तर हार्टच्या डॉक्टरांशी त्यांचं फोनवर बोलणं करून द्या.

वैनगंगा

निजवून ठेवू नका भाऊ. पूर्वी ऑपरेशननंतर सपाट झोपवायचे, आता लवकर उठवतात. पडून राहिलं की छाती भरते, पायात गुठळी होते, अंगाला जखमा होतात. सर्जननी मनाई केली नसेल तर आजच धरून बसवा, मग चालवा. न्हाणीत एक दांडा बसवा आणि रात्री लाइट चालू ठेवा. परत साचायचं असेल तर बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत साचतं. पुन्हा झोपाळूपणा, पुन्हा डोकेदुखी, डावा पाय सुधारत असताना परत जड होणं, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता थेट त्याच दवाखान्यात, जुन्या सीटीच्या फिल्म घेऊन. टाके काढायला तालुक्याला गेलात तरी चालतं, पण तपासणीच्या तारखेला सर्जनकडेच जा.